नोकरी लागली, आता कुणाकुणाला कळवायचं?

या वेळच्या टपालात एकाच प्रश्नाची बरीच पत्रं होती. ब्रिटनमध्ये बेनिफिट, म्हणजे सरकारी मदतीचे पैसे, चालू असताना काम मिळालं, तर कळवायचं कुणाला, कधी आणि काय? त्यातली चार पत्रं घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील काढला आहे. रकमा एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षाच्या आहेत. दर एप्रिलमध्ये त्या बदलतात, म्हणून हे पान कापून ठेवणार असाल तर वर्षही लिहून ठेवा.

ताई, नमस्कार.

मी लेस्टरला राहते. नवऱ्यापासून वेगळी झाले, मुलगा सात वर्षांचा आहे, घर भाड्याचं. आई दोन रस्ते सोडून एकटी राहते. तिचे गुडघे गेलेत, दिसतंही कमी. तिला अटेंडन्स अलाउन्स मिळतो. तिचं उठवणं-बसवणं, आंघोळ, औषधं, दवाखाना सगळं मी बघते, म्हणून मला केअरर्स अलाउन्स आहे. घर चालतं ते युनिव्हर्सल क्रेडिटवर, म्हणजे कमी उत्पन्न असणाऱ्यांना दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीवर. मुलगा झाल्यापासून मी नोकरी केलेली नाही. आता एका केअर होमच्या स्वयंपाकघरात काम मिळालंय. आठवड्याला १८ तास, तासाला १२.२१ पौंड. ५ जानेवारीला रुजू व्हायचंय, पगार महिन्याच्या २८ तारखेला. माझा युनिव्हर्सल क्रेडिटचा महिना १२ तारखेला सुरू होतो.

मैत्रीण म्हणते, पगार झाला की त्यांना आपोआप कळतं, तू कशाला सांगायला जातेस. मामेबहीण म्हणते, १८ तास केलेस तर केअरर्स अलाउन्स जाईल आणि मग हळूहळू सगळंच बंद होईल, त्यापेक्षा मालकाला सांगून १५ तासच घे. मला रात्री झोप लागत नाही. आनंद व्हायला हवा तर भीतीच वाटते. मी नक्की काय करू?

उत्तर

ताई, आधी मनापासून अभिनंदन. इतक्या वर्षांनी, आईचं आणि मुलाचं सगळं सांभाळून तुम्ही काम शोधलंत. ही आनंदाचीच गोष्ट आहे आणि तो आनंद तुम्हाला निर्धास्तपणे घेता यावा, एवढ्यासाठी मी जरा सविस्तर लिहिते.

मामेबहिणीची भीती आधी बाजूला करू. सगळं बंद होणार नाही. तुमच्या पदरी मूल आहे आणि भाड्यासाठी मदत मिळते, म्हणून तुमच्या पगारातले दरमहा पहिले ४११ पौंड युनिव्हर्सल क्रेडिट हिशेबातच धरत नाही. याला वर्क अलाउन्स म्हणतात. भाड्याची मदत नसती तर हाच आकडा ६८४ असता. त्यापुढच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापले जातात, ४५ तुमचे.

आता तुमचा हिशेब मांडते. १८ तासांचे आठवड्याला २१९.७८ पौंड, म्हणजे महिन्याला सरासरी ९५२ पौंड. एवढ्या पगारावर इन्कम टॅक्सही लागत नाही आणि नॅशनल इन्शुरन्सही कापला जात नाही. कामाच्या पेन्शनमध्ये तुम्हाला घातलं तर त्याचे साधारण २२ पौंड जातील, आणि युनिव्हर्सल क्रेडिट पेन्शनची वर्गणी वजा करूनच पगार मोजतं. राहिले ९३०. त्यातून ४११ वजा केले की ५१९. त्याचे ५५ टक्के म्हणजे २८५ पौंड. एवढे युनिव्हर्सल क्रेडिटमधून कमी होतील. हातात ९३० आले, २८५ गेले. महिन्याला ६४५ पौंड जास्त घरात आले.

आणि केअरर्स अलाउन्स? तिथे मामेबहीण बरोबर आहे. त्याचा नियम फार कठोर आहे. आठवड्याची कमाई १९६ पौंडांपर्यंत असेल तर पूर्ण ८३.३० पौंड मिळतात. १९६ च्या वर एक पेनी जरी गेली तरी त्या आठवड्याचं काहीच मिळत नाही. पेन्शनची अर्धी वर्गणी आणि कामावर असताना आईला सांभाळण्यासाठी कुणाला पैसे देत असाल तर त्यातला काही भाग वजा करता येतो, पण फक्त पेन्शनच्या वजावटीने तुमचे २१९ पौंड १९६ च्या खाली येत नाहीत. तेव्हा १८ तासांना केअरर्स अलाउन्स जाणार, हे धरून चला.

पण पुढची गोष्ट नीट वाचा, कारण ही कुणी सांगत नाही. तुम्हाला मिळणारा केअरर्स अलाउन्स आज युनिव्हर्सल क्रेडिटमधून पूर्णच्या पूर्ण कापला जातोय. तुमच्या स्टेटमेंटवर दरमहा ३६१ पौंडांच्या आसपास वजावट दिसेल, ती हीच. केअरर्स अलाउन्स बंद झाला की ही वजावटही बंद होते आणि युनिव्हर्सल क्रेडिट तेवढंच वाढतं. शिवाय युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये आईची काळजी घेण्याबद्दल २०१.६८ पौंडांचा वेगळा भाग असतो. त्याला कमाईची मर्यादा नाही. आठवड्याला ३५ तास तुम्ही आईसाठी देत आहात तोवर तो चालू राहतो, मग तुम्ही १५ तास काम करा की १८. तुमच्या स्टेटमेंटवर तो आहे ना, एकदा बघून घ्या. कित्येक जणींच्या बाबतीत तो कधी लावलेलाच नसतो.

म्हणजे केअरर्स अलाउन्स गेल्याने घरातला पैसा कमी होत नाही, तो दुसऱ्या वाटेने येतो. मात्र दोन्हीकडे सांगितलं तरच. सगळी गोम इथेच आहे.

आता मैत्रिणीचं म्हणणं. तेही अर्धं खरं आहे. मालक पगार देताना त्याची नोंद एचएमआरसीला, म्हणजे करखात्याला पाठवतो आणि ती युनिव्हर्सल क्रेडिटला पोचते. त्यामुळे दर महिन्याला पगाराचा आकडा तुम्हाला कळवावा लागत नाही. पण काम सुरू झाल्याचं कळवण्याची जबाबदारी तुमचीच राहते. आणि युनिव्हर्सल क्रेडिट, केअरर्स अलाउन्स आणि कौन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, या तीन वेगळ्या खिडक्या आहेत. एकीवर सांगितलेलं दुसरीला कळलं असेल असं कधीही धरू नका. पहिल्या दोन्ही एकाच सरकारी खात्याच्या, डीडब्ल्यूपीच्या (काम आणि पेन्शन खात्याच्या) असल्या तरी.

केअरर्स अलाउन्सच्या बाबतीत हे मी इतक्या कळकळीने का सांगते, त्यालाही कारण आहे. करखात्याकडून पगाराचे इशारे या विभागाकडेही जात होते, पण वर्षानुवर्षं त्यातले बरेचसे तपासलेच गेले नाहीत. लोक निर्धास्त राहिले, कारण पैसे येत होते आणि कुणी काही विचारत नव्हतं. मग एक दिवस हजारो पौंड परत मागणारं पत्र आलं. आजारी माणसांची सेवा करणाऱ्या हजारो लोकांवर या देशात ही वेळ आली. मी सल्ला केंद्रात बसते तेव्हा अशी पत्रं घेऊन येणाऱ्या बायका बघितल्या आहेत. त्यांच्यातल्या कुणालाही फसवायचं नव्हतं. ‘त्यांना कळतच असेल’ एवढंच त्यांनी धरलं होतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

तेव्हा रुजू व्हाल त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात जाऊन परिस्थितीत बदल झाल्याचं कळवा. नुसता जर्नलमध्ये, म्हणजे त्या खात्यातल्या निरोपांच्या पानावर, निरोप टाकून थांबू नका. बदल कळवण्याचा वेगळा भाग आहे, तिथे नोकरीची माहिती भरा, आणि मग जर्नलमध्येही चार ओळी लिहा: ५ जानेवारीपासून काम सुरू झालं, मालकाचं नाव अमुक, आठवड्याला १८ तास, तासाला १२.२१ पौंड, पगार दर महिन्याच्या २८ ला, आईची काळजी पूर्वीसारखीच ३५ तासांहून जास्त घेते, आणि केअरर्स अलाउन्सला वेगळं कळवलं आहे. शेवटची दोन वाक्यं गाळू नका. नोकरी लागली म्हणजे आता आईकडे बघत नसणार, असा समज कुणी करून घ्यायला नको. लिहिलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा.

केअरर्स अलाउन्ससाठी सरकारी संकेतस्थळावर बदल कळवण्याचा स्वतंत्र अर्ज आहे. तोही त्याच बैठकीत भरा. पहिली पेस्लिप आली की तीही पाठवा. अलाउन्स कोणत्या आठवड्यापासून थांबायचा हे ते पगाराच्या तारखेवरून ठरवतात. तो थांबल्याचं पत्र आलं की त्याचा फोटो काढून त्याच दिवशी युनिव्हर्सल क्रेडिटच्या जर्नलवर चढवा आणि वजावट थांबवा म्हणून लिहा. हे राहिलं तर उलटं होतं: अलाउन्स बंद आणि युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये वजावट मात्र चालूच. पुढच्या स्टेटमेंटवर ती ओळ गेली का ते डोळ्यांनी बघा.

तिसरी खिडकी कौन्सिलची. कौन्सिल टॅक्समध्ये सूट मिळत असेल तर कौन्सिलला स्वतः कळवा. प्रत्येक कौन्सिलचे नियम वेगळे असतात, सूट थोडी कमी होईल.

पहिल्या महिन्याचं गणित आधी समजून घ्या म्हणजे दचकायला होणार नाही. युनिव्हर्सल क्रेडिट तुम्ही काम कधी केलंत ते बघत नाही, पगार कोणत्या तारखेला मिळाला ते बघतं. तुमचा महिना १२ ते ११. २८ जानेवारीचा पगार १२ जानेवारी ते ११ फेब्रुवारी या महिन्यात पडतो. त्याचे पैसे १८ फेब्रुवारीला येतात, तेव्हा रक्कम कमी दिसेल. त्याआधी जानेवारीत येणारे पैसे नेहमीसारखेच असतील. म्हणजे २८ जानेवारीचा पगार हातात असताना सगळा खर्च करून चालणार नाही, १८ फेब्रुवारीला कमी येणार आहेत. पहिल्या पगारात जुने उधारीचे पैसे देऊन टाकावेत असं फार वाटतं, मला ते कळतं. तरी २८५ पौंड बाजूला काढून ठेवा.

मुलाच्या शाळेनंतरच्या क्लबचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमची वेळ चारनंतरची असेल तर लागेल. नोंदणीकृत क्लब किंवा चाइल्डमाइंडर असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट खर्चाचे ८५ टक्के परत देतं, एका मुलासाठी महिन्याला कमाल १,०३१.८८ पौंड. पैसे भरल्यावर पावती लगेच चढवा. भरलेल्या महिन्यात किंवा फार तर त्याच्या पुढच्या महिन्यात कळवायचं असतं, नंतर हक्क जातो. आणि पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ भरायला जवळ नसतील तर रुजू होण्याआधी जॉबसेंटरच्या वर्क कोचला सांगा. जून २०२३ पासून काम सुरू करणाऱ्यांना पहिल्या खर्चासाठी आधीच मदत करता येते. कामाचे बूट, कपडे, पहिल्या महिन्याचा बसपास यासाठीही फ्लेक्सिबल सपोर्ट फंडातून पैसे मिळू शकतात, पण मागावे लागतात. माझा अनुभव असा, की आपली माणसं मागायला संकोचतात. संकोचू नका. हा पैसा यासाठीच ठेवलेला आहे.

राहिला प्रश्न १५ तासांचा. १५ तासांचे आठवड्याला १८३.१५ होतात, म्हणजे केअरर्स अलाउन्स राहतो. पण हिशेब केला तर युनिव्हर्सल क्रेडिट धरून महिन्याला ५८३ पौंडांची भर पडते. १८ तासांत ६४५, शिवाय तुमच्या नावावर पेन्शन जमा होते आणि तीत मालकाचाही वाटा पडतो. १८ तास जमतात का, आईला आणि मुलाला ते झेपतं का, एवढंच बघा. अलाउन्स जाईल या भीतीने तास कमी करू नका. उद्या आईची तब्येत बिघडली आणि १५ वर यावं लागलं, तर तेव्हा या, केअरर्स अलाउन्सचा पुन्हा अर्ज करता येतो.

इंग्रजीत लिहायला जड जात असेल तर युनिव्हर्सल क्रेडिटच्या ०८०० ३२८ ५६४४ या मोफत नंबरवर फोन करून दुभाषी मागता येतो. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेतही मोफत मदत होते. तारीख, वेळ आणि कुणाशी बोललात ते वहीत लिहून ठेवा.

नमस्कार.

मी ब्रिटिश नागरिक आहे, स्लाउला असतो. गोदामातली नोकरी गेल्यापासून युनिव्हर्सल क्रेडिटवर आहे. पत्नी लग्नानंतर स्पाउस व्हिसावर आली. आली तेव्हाच मी तिचं नाव कळवलं होतं. तिच्या व्हिसावर ‘पब्लिक फंड्स नाहीत’ असं लिहिलं आहे, म्हणून मला एकट्याच्या दरानेच पैसे मिळतात. आता तिला एका नर्सरीत काम लागलंय. माझा प्रश्न असा, की तिला काही मिळतच नाही, तर तिची नोकरी मी का कळवायची? आणि कळवल्यामुळे तिच्या व्हिसावर काही बालंट येईल का? आम्हाला मूल नाही.

उत्तर

कळवायचीच. एका घरात जोडीदार म्हणून राहता तेव्हा क्लेम दोघांचा धरला जातो. व्हिसामुळे तिच्या वाट्याचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत, म्हणून ४००.१४ हा एकट्या माणसाचा दर आणि भाड्याची मदत. पण कमाई आणि बचत मोजताना दोघांची मोजतात. हे अन्यायाचं वाटतं हे तुम्ही म्हणालात तर मी नाही म्हणणार नाही. मलाही ते अन्यायाचं वाटतं. तरी नियम असा आहे आणि तो न पाळण्याची किंमत तुम्हा दोघांना मोजावी लागेल.

तुम्हाला मूल नाही, आणि दोघांपैकी कुणाला आजारपणामुळे काम करण्याची मर्यादित क्षमता असल्याचा निर्णय झालेला नसेल, तर वर्क अलाउन्सही नाही. पहिल्या पौंडापासून ५५ पेन्स कापले जातील. पत्नीच्या हातात महिन्याला १,००० पौंड आले तर तुमचे ५५० कमी होतील. तिला पगार आठवड्याला मिळणार असेल तर काही महिन्यांत चारऐवजी पाच पगार पडतील आणि त्या महिन्यात एकदम जास्त कपात होईल. चार आठवड्यांनी मिळणार असेल तर वर्षातून एकदा एकाच महिन्यात दोन पगार येतील. महिन्याने पगार मिळणाऱ्यांसाठी मात्र २०२० मध्ये नियम बदलला. चार एकल मातांनी हा प्रश्न कोर्टात नेला, कोर्ट ऑफ अपीलने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि आता सुट्टीमुळे पगार आधी होऊन एका महिन्यात दोन पडले तर त्यातला एक दुसऱ्या महिन्यात हलवता येतो. तसं झालं तर जर्नलमध्ये लिहून मागा.

एखाद्या महिन्यात रक्कम शून्यावर आली तर क्लेम बंद होतो. घाबरू नका. सहा महिन्यांच्या आत कमाई घटली तर त्याच खात्यातून पुन्हा अर्ज करता येतो, सगळी कागदपत्रं पहिल्यापासून द्यावी लागत नाहीत. पण तो आपोआप सुरू होत नाही, तुम्हीच करायचा.

व्हिसाचं म्हणाल तर पत्नीने काम करणं आणि तुम्ही ते कळवणं यात बालंट येण्यासारखं काही नाही. स्पाउस व्हिसावर काम करायची मुभा असते. तिच्यामुळे जास्तीचे पैसे तुम्ही घेतले तर प्रश्न येतो. एकट्याच्या दराने घेत असाल तर नाही. व्हिसा वाढवताना मात्र तुमच्या उत्पन्नाबद्दल विचारतील. त्याबद्दल नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागारालाच विचारा, ओळखीच्या माणसाला नको. आणि पुढे तिला कायम वास्तव्याची परवानगी मिळेल त्या दिवशी तेही कळवा. तेव्हापासून जोडप्याचा दर लागू होतो, २०२५-२६ मध्ये तो ६२८.१० पौंड होता. चांगला बदल उशिरा कळवला तर मधल्या महिन्यांचे पैसे बुडतात.

ताई,

माझी बायपास झाली. आठ महिने न्यू स्टाइल ईएसए (आजारपणामुळे काम करता येत नाही म्हणून मिळणारा भत्ता) घेतोय, पिपही (दीर्घ आजार किंवा अपंगत्वासाठीचा भत्ता) मिळतो. डॉक्टर म्हणतात आता थोडं काम करून बघायला हरकत नाही. पुतण्याच्या दुकानात आठवड्याला दहा तास हिशेब लिहायला जाऊ का? की ईएसए बंद होईल?

उत्तर

काका, जा. ईएसएवर असताना थोडं काम करायला परवानगी असते. आठवड्याला १६ तासांपेक्षा कमी आणि कमाई १९५.५० पौंडांपर्यंत असेल तर ईएसए कमी होत नाही. एकच अट: आधी कळवायचं. पीडब्ल्यू१ नावाचा फॉर्म भरून द्या आणि मगच दुकानात बसायला लागा. घरचं दुकान आहे, पैसे हातात मिळतील, पेस्लिप कशाला, असं पुतण्या म्हणेल. त्याला प्रेमाने सांगा की पगाराची नोंद हवीच.

पिप कामावर अवलंबून नाही. नोकरी असणाऱ्यांनाही तो मिळतो. तुमच्या रोजच्या हालचालीत, चालण्यात, मदतीच्या गरजेत फरक पडला असेल तर मात्र तो कळवावा लागतो.

मॅडम,

मला सांगायला लाज वाटते. वडिलांसाठी केअरर्स अलाउन्स घेते. एप्रिलपासून एका दुकानात काम करते, पगार कधी १८० पौंड, कधी २३०. मी कळवलं नाही. आधी वाटलं थोडेच तास आहेत, नंतर उशीर झाला म्हणून भीती वाटायला लागली. आता कळवलं तर तुरुंगात टाकतील का?

उत्तर

मुली, आज कळवायचं. हे वाचून झालं की लगेच.

लाज वाटून घेऊ नकोस. वडिलांची सेवा करून वर नोकरी करणाऱ्या मुलीने तोंड लपवावं असं यात काही नाही. तू स्वतःहून सांगितलंस आणि त्यांना नंतर सापडलं यात फार मोठा फरक असतो. डीडब्ल्यूपी हे सरकारी खातं बहुतेक वेळा जास्त दिलेले पैसे परत मागतं, आणि योग्य कारणाशिवाय कळवलं नाही असं ठरलं तर ५० पौंडांचा दंड लावतं. कारण योग्य असेल तर तोही लागू नये. ते कारण स्पष्ट लिही: तास कमी-जास्त होत होते, नियम कळला नव्हता, घरात आजारपण होतं, जे खरं असेल ते. जाणूनबुजून लपवल्याचा संशय आला तर प्रकरण पुढे जातं. म्हणून मुलाखतीला बोलावलं आणि ‘अंडर कॉशन’ (म्हणजे तुझं बोलणं पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं) असा शब्द पत्रात असेल तर वकिलाशिवाय जाऊ नकोस. खटल्याऐवजी दंड भरा असा कागद पुढे ठेवला, तर तो रकमेच्या निम्म्याइतका असतो, कमीत कमी ३५० आणि जास्तीत जास्त ५,००० पौंड. सल्ला घेतल्याशिवाय सही करू नकोस.

तुझा पगार कधी १८०, कधी २३० असतो ही बाब महत्त्वाची आहे. अशा पगाराची सरासरी काढता येते आणि सरासरी १९६ च्या आत आली तर कदाचित काही देणं लागतच नसेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये केअरर्स अलाउन्सच्या जास्त दिलेल्या पैशांबद्दलच्या लिझ सेस यांच्या स्वतंत्र अहवालात हेच आलं, की कमी-जास्त कमाईची सरासरी कशी काढायची याबद्दल खात्याच्या स्वतःच्याच सूचना चुकीच्या होत्या. त्यानंतर सरकारने जुनी प्रकरणं पुन्हा तपासण्याचं मान्य केलं. तेव्हा एप्रिलपासूनच्या सगळ्या पेस्लिप एकत्र कर, आठवड्यागणिक आकडे लिही आणि सरासरी धरून हिशेब करा अशी लेखी मागणी कर.

पैसे मागणारा निर्णय आला आणि हिशेब पटला नाही तर एका महिन्याच्या आत फेरविचार माग. त्याला मँडेटरी रिकन्सिडरेशन म्हणतात. तोही विरुद्ध गेला तर ट्रायब्यूनलमध्ये अपील करता येतं. आणि रक्कम खरंच देणं निघाली तर एकदम भरायची नसते. उत्पन्न-खर्चाचा कागद पाठवून झेपेल एवढा हप्ता ठरवून घेता येतो. तू युनिव्हर्सल क्रेडिटही घेत असशील तर तिथून होणाऱ्या कपातीवर एप्रिल २०२५ पासून मर्यादा आहे, सहसा मूळ भत्त्याच्या १५ टक्के, आधी ती २५ होती.

फोन करताना एकटीने करू नकोस. जवळच्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसची किंवा कौन्सिलच्या वेल्फेअर राइट्स सल्लागाराची वेळ घे आणि पेस्लिप घेऊन जा. वेळ मिळायला आठवडा लागणार असेल तरी कळवणं त्यासाठी थांबवू नकोस. ऑनलाइन अर्ज आजच भर, बाकीचं त्यांच्याशी बसून कर. आणि काय झालं ते मला नक्की लिही.